आत्याबाईची पाटी

४ मार्च

आज परवाना कचेरीतले साहेब यार्डात येऊन गेले. चष्मा अर्ध्या जगाला असतो, पण यांचा दोरीने गळ्यात लटकलेला असतो आणि ते तो डोळ्यांवर कमी, हातात जास्त ठेवतात. म्हणून आमच्याकडे ते चष्मेवाले साहेब. त्यांनी नवा नियम समजावून सांगितला. आत्याबाईसारख्या जुन्या पद्धतीच्या टाक्या यापुढे कुणी नव्या बनवायच्या नाहीत. पण ज्या आधीच बनल्या आहेत त्या तपासणीत उतरत राहतील तोवर चालवता येतील. तपासणी म्हणजे आतून पाहणी, पाण्याच्या दाबाची चाचणी, आणि बनवणाऱ्याने ठोकलेली मूळ पाटी जागच्या जागी, आकडे वाचता येतील अशी. महिनाअखेरपर्यंत हे सगळं जमलं तर आत्याबाई राहील, नाही तर भंगारात जाईल.

"म्हणजे म्हातारीला जगू द्यायचं, पण तिच्यासारखी पुन्हा जन्माला घालायची नाही," मी म्हणाले.

"बाई, नियम लिहायला तुम्हालाच बसवायला हवं होतं," साहेब म्हणाले आणि खूप वेळ हसले.

आत्याबाई म्हणजे आमची नायट्रिक आम्लाची टाकी. लांब, गोल, स्टेनलेस स्टीलची, लोखंडी चौकटीत बसवलेली. ट्रकवर ठेवायची, वाटलं तर क्रेनने उचलून खाली ठेवायची. मामंजींनी ती घेतली आणि नावही त्यांनीच ठेवलं. त्यांच्या सख्ख्या आत्याला म्हणे सगळं घर घाबरायचं आणि तिच्यावाचून कुणाचं पानही हलायचं नाही. मामंजी गेले, ही आहे. ट्रक हे चालवतात. टाकीचं धुणंपुसणं, झडपा, कागदपत्रं हे सगळं माझ्याकडे आलं ते पैलवान गेल्यापासून.

पैलवान यांचा जोडीदार, लहानपणापासूनचा. दोन वर्षांपूर्वी एका कारखान्यात आम्ल उतरवताना पाईप निसटला आणि तो समोर होता. दोष आत्याबाईचा नव्हता, पाईपचा होता. चौकशीतही तसंच निघालं. हे तेव्हा झडपेपाशीच उभे होते. थोडे दिवस घरी बसले आणि मुकाट परत ट्रकवर चढले. असा घट्ट काळजाचा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

साहेब निघताना यांनी विचारलं, "आणि नाही उतरली तपासणीत, तर?"

"तर भंगार. सांगितलं ना."

गाडीपाशी पोचेपर्यंत यांनी तेच पुन्हा विचारलं. मी म्हटलं, अहो, शुभ बोला की जरा.

७ मार्च

आज आत्याबाईच्या पोटात उतरले. हे लिहायलाच हवं.

आधीचे दोन दिवस नुसतं धुणं चाललं होतं. पाणी, सोड्याचं पाणी, परत पाणी, मग पंखा लावून हवा. मीटरने हवा बरी आहे असं सांगितल्याशिवाय आत पाय टाकायचा नाही, आणि तोंडाशी माणूस उभा असल्याशिवाय तर मुळीच नाही. आमच्याकडे रीत अशी आहे की आत जाणाऱ्याच्या कमरेला दोरी, दोरीचं टोक वरच्याच्या हातात, आणि वरच्याने अधूनमधून लाकडी हातोडीने टाकीवर ठोकायचं. आतल्याने उलट ठोकून उत्तर द्यायचं. उत्तर येतंय तोवर सगळं ठीक. पूर्वी आत पैलवान असायचा आणि वर हे. आज पहिल्यांदा आत मी.

दिवा लावला आणि बघतच राहिले. एवढी वर्षं हिच्या पोटात ते आम्ल. त्याचा थेंब कापडावर पडला तर कापड नुसतं भोक होऊन राहतं. आणि आत? एक खड्डा नाही, एक डाग नाही. भिंतीला माझा दिवा लांबवर दिसत होता. जोडाच्या रेघा गोल फिरून जिथून निघाल्या तिथेच येऊन मिळालेल्या. शिंप्याने मशीनवर टीप घालावी तशी सरळ, आणि ही घातली कुणीतरी हाताने, डोळ्यांपुढे जाळ धरून. तो माणूस आता असेल की नाही कोण जाणे. मी सहज "अहो" म्हटलं तर तो आवाज सगळीकडून फिरून माझ्याकडे आला, आणि तो माझा वाटेना. कुण्या मोठ्या बाईने मला हाक मारली असं वाटलं. मी हात जोडले. मग रडू आलं. कशाचं ते मला सांगता येणार नाही, पण देवळात कधी आलं नाही असं आलं.

यांनी मात्र वैताग आणला. माझं उत्तर पोचायच्या आत दुसरा ठोका, तिसरा ठोका, आणि दोरीला सारखा हिसका. मी ओरडले, "अहो, मी पाहणी करू की तुमच्या ठोक्यांना उत्तरं देत बसू?" वर आले तेव्हा यांचा चेहरा चुन्यासारखा. मनगट धरून मला ओढून घेतलं आणि मग सोडेचनात. उपाशीपोटी उन्हात उभं राहिल्यावर दुसरं काय होणार! चहा दिला, तर निम्मा बशीत सांडला.

९ मार्च

पाण्याच्या दाबाची चाचणी झाली. आत्याबाई काठोकाठ भरली, सगळी तोंडं बंद केली आणि पंपाने दाब चढवत नेला. काटा ठरलेल्या खुणेवर आला, पंप थांबला. मग काही करायचं नसतं. नुसतं बघायचं, काटा मागे येतो का ते. साहेब, हे, पंपावरचा माणूस आणि मी. कुणी खोकलंसुद्धा नाही. बाहेर रस्त्यावर गाड्या चालल्या होत्या त्यांचाही राग येत होता.

काटा हलला नाही. चित्रात काढावा तसा उभा. साहेबांनी कधी नव्हे तो चष्मा डोळ्यांवर चढवला, टाकीभोवती बोट फिरवत फेरी मारली आणि म्हणाले, "कालची जन्मलेली टाकीसुद्धा इतकी शांत उभी राहत नाही."

माझा जीव भांड्यात पडला. भांड्यात कसला, हौदात पडला.

"अजून किती वर्षं चालेल?" यांनी विचारलं.

"तुम्ही थकाल, ही थकायची नाही."

सगळे हसले. यांचं हसू जरा उशिरा आलं. आता उरलं काय, तर रंग मारून घ्यायचा आणि पाटी दाखवायची. पाटी म्हणजे चौकटीला झाळलेला हातभर पत्रा, त्यावर ठशांनी ठोकलेला नंबर आणि साल. मी रोज फडक्याने पुसते. आकडे बोटांना लागतात ते मला आवडतं.

१० मार्च

रविवार. यार्ड बंद, तरी हे सकाळीच जाऊन आले. मी शर्ट धुवायला घेतला तर बाहीवर करडी पूड, राखेसारखी, पण झटकून जाईना. शिडीचा गंज काढत होतो म्हणाले. सुट्टीच्या दिवशीसुद्धा आत्याबाईची शिडी! लोकांचे नवरे झोपा काढतात.

१२ मार्च

आज मी माणसाला हवं ते आणि नको ते सगळं बोलले.

रंगारी काल संध्याकाळी काम आटपून गेला. पांढराशुभ्र रंग, चौकट निळी, आत्याबाई नुसती उजळून निघालेली. मी सकाळी फडकं घेऊन पाटी पुसायला गेले. आणि पाटीवर माझंच तोंड दिसलं. नंबर नाही, साल नाही, बनवणाऱ्याचं नाव नाही. ग्राइंडरची चकती लावून कुणीतरी ती आरशासारखी घासून टाकलेली. मी मूर्खासारखं फडक्याने पुसतच राहिले. जणू आकडे धुळीखाली आहेत.

रंगाऱ्याला बोलावून घेतलं. तो म्हणाला, "ताई, मी आलो तेव्हा पाटी अशीच चमकत होती. मला वाटलं नवी बसवली. मी तर कागद चिकटवून तिला रंगापासून वाचवलं."

"वाचवलंत? नाव पुसलंत तिचं! चमकावी म्हणून चकती मारलीत आणि आता कानांवर हात ठेवताय?"

"माझ्याकडं चकतीच नाही हो ताई. ब्रश आहेत."

उचलली जीभ लावली टाळ्याला, असं मी त्याला म्हणाले. आणखीही म्हणाले, ते लिहीत नाही. हे शेजारीच उभे होते, पण माझ्या बाजूने एक शब्द बोलले नाहीत. उलट "जाऊ दे, त्याला कशाला," एवढंच म्हणाले. यांचा स्वभावच तसा, कुणाला दुखवायचं नाही.

१३ मार्च

साहेब येऊन पाटी बघून गेले. बनवणाऱ्या कारखान्याचा जुना दाखला आमच्याकडे आहे, त्यावर नंबर आहे, तो मी पुढे केला.

"दाखल्यावर नंबर आहे, बाई. पण तो नंबर हिचाच, हे कशावरून? सूट आहे ती जुन्या टाकीला. ही जुनी आहे हे सांगणारी तेवढी एक पाटी होती."

"पण तुम्ही स्वतः पाहिलीत हो ती! मागच्या वेळी!"

"मी पाहिली हे लिहून चालत नाही. आणि नवी म्हणून धरायची तर या बनावटीला मान्यताच नाही." त्यांनाही वाईट वाटत होतं. चष्म्याच्या दोरीला पीळ घालत बसले होते.

म्हणजे धड जुनी नाही, धड नवी नाही. परवा जिच्यापुढे काटा हलला नाही ती आज कुणीच नाही. असं कसं असतं? कारखाना तर केव्हाच बंद पडला, विचारायचं कुणाला?

मला घास उतरला नाही. आणि हे? दुपारी पोटभर जेवले, वर मागून घेतलं, आडवे झाले ते दिवेलागणीपर्यंत घोरत होते. कित्येक महिन्यांत असे झोपले नव्हते. माझ्या डोळ्यांतून धार आणि यांच्या घशातून मृदंग. पुरुषांचं काळीज कुठल्या मातीचं असतं देव जाणे.

१६ मार्च

लेकीचा फोन. ती बाहेरगावी कॉलेजात शिकते. मी रडगाणं गायले तर मध्येच म्हणाली, "आई, ठोकून काढलेला आकडा असेल तर तो घासला तरी परत दिसतो. आमच्या बाई काढून दाखवतात."

"जादूगार आहेत का गं तुझ्या बाई?"

"धातुशास्त्राच्या आहेत. विचारू का त्यांना?"

विचारू का म्हणे! आत्ताच्या आत्ता विचार म्हटलं. यांना सांगितलं तर म्हणाले, "उगाच कशाला त्यांना इतक्या लांब आणायचं. पुसलं ते पुसलं." फार लवकर हार मानतात. मी नाही मानत.

१९ मार्च

हे पान नीट अक्षरात लिहायचं ठरवलं आहे.

लेकीच्या बाई आल्या. ठेंगणी मूर्ती, पायात कापडी बूट, खांद्याला पिशवी. पिशवीत कापूस, लहान लहान बाटल्या, तारा आणि एक बॅटरी. मला वाटलं होतं मोठं यंत्र असेल. त्यांनी पाटीवर भिंग धरलं आणि पहिलंच वाक्य बोलल्या, "घासणाऱ्याने हात आवरता घेतलाय. आणखी दोन फेरे मारले असते तर मी आल्या पावली परत गेले असते."

रंगाऱ्याचा आळस कामी आला म्हणायचा.

मी विचारलं, जे नाहीच ते तुम्ही आणणार कुठून? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? त्या हसून म्हणाल्या, "आडात आहे. ठसा ठोकताना वर खड्डा पडतो तो आपल्याला दिसतो. पण त्या घावाने खालचा धातूही दबतो, पार आतपर्यंत. वरचा खड्डा घासून सपाट झाला तरी खालचं दबलेलं तसंच राहतं. आम्ल लावलं की दबलेली जागा वेगळी झिजते, आजूबाजूची वेगळी. तेवढ्या फरकाने आकडा दिसतो."

"इतक्या वर्षांनी?"

"धातूला वर्षांचं काय?"

साहेबांनाही मी बोलावून घेतलं होतं. त्यांनी दाखला घडी करून स्वतःच्या खिशात ठेवला. बाईंना नंबर सांगायचा नाही, त्यांनी पाटीवरून वाचायचा आणि मग ताडून बघायचं असं ठरलं. उन्हाला आड म्हणून आम्ही ताडपत्री धरली. एक टोक मी धरलं, एक यांनी. बाईंनी तारा जोडल्या, कापूस बाटलीत बुडवला आणि पाटीवरून हलक्या हाताने फिरवू लागल्या. आई मुलाचं तोंड पुसते तसा हात.

पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा काही नाही. साहेबांनी चष्मा काढला, लावला, काढला. मी मनात आत्याबाईला म्हणत होते, बोल गं, आता तरी बोल.

आणि मग पाटीच्या आरशात सावली आली. आधी वाटलं ताडपत्रीची. पण ताडपत्री हलली, ती हलली नाही. एक उभी रेघ, तिला एक वळण. कुणी लिहीत नव्हतं, कुणी कोरत नव्हतं. ते आतून वर येत होतं. माझ्या अंगावर काटा उभा राहिला. पाटीवर आकडे इंग्रजीत होते. बाईंनी वाचला: "चार." मग बाजूला दुसरा: "एक." तिसरा यायला वेळ लागला, बाईंच्या कपाळावर घाम आला, आणि मग तो असा आला की बाईंनी भिंग पुन्हा जवळ नेलं.

"इथं दोन आकडे आहेत," त्या म्हणाल्या. "एकावर एक. वरचा सहा. पण त्याच्या खाली फिकट नऊ आहे."

"म्हणजे?" साहेब म्हणाले.

"म्हणजे ज्याने ठोकलं त्याने सहाचा ठसा उलटा धरला. नऊ उमटला. चूक लक्षात आली, त्याने ती घासली आणि त्यावर सरळ सहा मारला. त्याला वाटलं असेल, झालं, गेली चूक." बाई स्वतःशीच हसल्या. "कुणालाच माहीत नसणार. आज आपल्याला दिसली."

मी बघतच राहिले. कुठला तो माणूस, कुठल्या दिवशी त्याने ठसा उलटा धरला, साहेबाच्या भीतीने इकडेतिकडे बघत घासून टाकला असेल. आणि या पत्र्याने तो क्षण जपून ठेवला. मामंजींनी ती विकत घेतली तेव्हा तो आत होता. मी रोज पुसत होते तेव्हा आत होता. आपण ज्याला निर्जीव म्हणतो त्याच्यापुढे कधी कधी आपणच फार लहान वाटतो, एवढंच लिहिते.

शेवटचा आकडा सात. सालही आलं. फोटो काढेपर्यंत ते राहिलं आणि कापूस फिरवल्यावर हळूहळू परत बुडालं. साहेबांनी खिशातून दाखला काढला. चार, एक, सहा, सात. त्यांनी दाखला माझ्या हातात दिला आणि तोंड फिरवून नाक पुसलं.

ताडपत्री माझ्या बाजूला ओढली गेली तेव्हा लक्षात आलं की हे दुसऱ्या टोकाला नाहीत. ट्रकमागे गेले होते, चाकाला टेकून खाली बसले होते आणि दोन्ही हातांत तोंड लपवून रडत होते. मोठ्याने. यांना रडताना मी पैलवान गेला तेव्हाही पाहिलं नव्हतं. मी जवळ बसून पाठीवरून हात फिरवला. म्हटलं, रडा, आनंदाने रडायला काही लाज नाही.

२१ मार्च

नवी पाटी झाली, जुना नंबर घालून, साहेबांच्या सहीने. जुनी पाटीही शेजारी तशीच ठेवायला सांगितली आहे. साहेब कागदावर शिक्का मारत होते तेव्हा यांनी विचारलं, "साहेब, नियमात चालवता येतील असं आहे ना? म्हणजे चालवल्याच पाहिजेत असं काही नाही?"

"नाही हो. ती तुमची मर्जी."

काय विचारतील याचा नेम नाही! मी साहेबांची माफी मागितली आणि म्हटलं, दगदगीने डोकं चालत नाही यांचं.

२३ मार्च

आज पहिली खेप होती. सकाळी कारखान्यात जाऊन भरायचं होतं. मी फाटकापाशी कागद घेऊन उभी, ट्रकवर आत्याबाई, नवी कोरी दिसणारी, आणि हे गाडीत चढून बसले. इंजिन सुरू होईना. मी ओरडले, "बॅटरी बघा!" तरी काही होईना. मी पायरीवर चढून खिडकीतून पाहिलं.

किल्ली लावलेली होती. तिच्यावर यांचा हात होता आणि तो हात हलत होता, थंडीत हलतो तसा. उन्हं वर आली होती.

"बॅटरी ठीक आहे," हे म्हणाले. मग म्हणाले, "पाटी मी घासली."

मला वाटलं आपण काही भलतंच ऐकलं. मी विचारलं, आणि खरंच हेच विचारलं, "चमकावी म्हणून?"

"नाही."

मी दार उघडून शेजारी जाऊन बसले. हे समोरच्या काचेकडे बघत बोलत होते. "झडपेला हात लावला की तो दिसतो. प्रत्येक खेपेला. परवा तू आत उतरलीस तेव्हा तर तुझ्या उत्तराला जरा उशीर झाला आणि मला वाटलं..." तिथे थांबले. मग म्हणाले, "काटा हलला नाही त्या दिवशी कळलं, आता ही माझ्याआधी जायची नाही. म्हटलं नंबर गेला तर भंगारात जाईल. कुणाला काही सांगावं लागणार नाही."

मला राग आला. खोटं कशाला लिहू? आत्याबाईचं नाव पुसलं याचा राग आला, रंगाऱ्यापुढे मला वेडी ठरवलं याचा आला. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली मी, आणि चोर शेजारी उभा राहून बघत होता. मी म्हटलं, "मग पुरती का नाही घासली? आणखी दोन फेरे मारायचे होते!"

"तू तिथं रोज हात फिरवतेस," हे म्हणाले.

मी विचारलं, "दोन वर्षं. मला का नाही सांगितलंत?"

"तू तिच्याबद्दल बोलायला लागलीस की तुझं तोंड बघितलंयस कधी? माझी जीभच रेटायची नाही."

मी किल्ली काढून घेतली. पदराने यांचं तोंड पुसलं. "उतरा," म्हटलं. आम्ही दोघं पायरीवर बसून राहिलो. कारखान्याचे फोन वाजत होते, वाजू दिले.

२५ मार्च

रंगाऱ्याच्या घरी जाऊन आले. दोघंही गेलो. मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्याची बायकोच म्हणाली, "बसा आधी." रंगारी यांच्याकडे बघून म्हणाला, "मला माहीत होतं, दादा. रविवारी यार्डाबाहेर भेटलात तेव्हा तुमच्या बाहीवर पूड होती. म्हटलं, घरातली गोष्ट असेल काही." म्हणजे सगळ्या जगाला दिसत होतं. पूड मी स्वतःच्या हाताने धुतली आणि मला दिसलं नाही.

२९ मार्च

आत्याबाई गेली. भंगारात नाही. कारखान्याच्या डेपोने ती मागे एकदा विकत मागितली होती, त्यांनाच विकली. ती आता रेल्वेने जाईल, त्यांच्याकडे दोन-दोन माणसांची पथकं आहेत आणि नवे कुलूपवाले पाईप. कागद सगळे जागेवर असल्यामुळे त्यांनी एक प्रश्न विचारला नाही. आमच्याकडे ट्रक राहिला. हे फरशा, विटा वाहतील म्हणतात. विटा पडल्या तर फुटतात, बस.

लेक सुट्टी काढून आली होती, फोटो काढायला. क्रेन आली, चारी कोपऱ्यांना साखळ्या लावल्या. सगळं यार्ड गोळा झालं होतं, रंगारीही होता. एवढं अवजड धूड जमिनीवरून सुटतं आणि हवेत तरंगायला लागतं, ते बघण्यासारखंच असतं. सगळ्यांच्या माना वर. कुणीतरी शिट्टी वाजवली.

नंतर लेकीने विचारलं, "आई, वर गेल्यावर केवढी दिसत होती ना गं?" मला सांगता आलं नाही. साखळ्या ताणल्या आणि ट्रकचा बोजा उतरून त्याच्या कमानी वर आल्या, तेव्हा यांचे खांदे हळूच खाली आले. मी तिकडेच बघत होते.